उपदेशमालेतील पाहुणा श्रोता

उपदेशमाला म्हणजे ठरल्या विषयावर, ठरल्या वारी, ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने सुरू होणाऱ्या सभांची रांग. चर्चच्या उपदेशमालेचे ठळक प्रकार चार: उपवासकाळातल्या दर आठवड्याच्या सभा, गुड फ्रायडेची सात उद्गारांवरची उपासना, मांडव घालून होणारे तीन दिवसांचे कन्व्हेन्शन आणि कोणाच्या तरी खोलीत सतरंजीवर भरणारा बायबल अभ्यास. चारही प्रकारांना वक्ता, गाणारे, पेटीवाला, माइकवाला आणि श्रोते एवढे साहित्य लागते. त्यात एक घटक न बोलावता किंवा फार वेळा बोलावल्यामुळे येऊन मिळतो. तो पाहुणा श्रोता. हा ख्रिस्ती नसतो, होण्याचा त्याचा विचारही नसतो. पण तिथे नेमके चालते तरी काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही. सभेत बसल्यावर मात्र येते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत या श्रोत्याला भरपूर वाव आहे. शिरूर ऊर्फ घोडनदीला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. पुढचे नगर तर मराठी ख्रिस्ती लोकांचे माहेरच; 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघाला तो तिथूनच. पुणे-नगर रस्त्यावरचे कारेगाव या तिन्हींच्या टप्प्यात येते. शेजारी रांजणगावचा महागणपती आणि कुशीला औद्योगिक वसाहत, त्यामुळे इथल्या एका चाळीत दहा खोल्या आणि आठ जिल्हे नांदतात. बीडच्या खोलीत हरिपाठ, नगरच्या खोलीत प्रार्थना आणि बिहारच्या खोलीत मोठ्या आवाजात फोन. मधल्या पत्र्याला धर्म कळत नाही, तो सगळ्यांचे सगळ्यांना ऐकवतो. काही रविवार पत्र्याआडून ऐकल्यावर शेजारी एके दिवशी दारात येऊन उभा राहतो.

"या ना, आत बसा."

"नाही, नाही. तुमचं चालू द्या. मी आपला असाच."

हे बोलताना त्याच्या चपला काढून झालेल्या असतात.

येण्याचे कारण विचारले तर पाहुणा 'जिज्ञासा' असे सांगतो. खरे कारण बहुधा भीड असते. शेजाऱ्याने पहिल्यांदा बोलावले तेव्हा गावाकडून पाहुणे आलेले असतात. दुसऱ्यांदा सेकंड शिफ्ट लागते. तिसऱ्यांदा आजी वारते. शेजारी असा चिवट की तो सांत्वनाला येतो आणि जाताना पुढच्या सभेची तारीख सांगून जातो. चौथ्या वेळी मारायला नातेवाईक शिल्लक नसल्याने होकार द्यावा लागतो.

प्रवेशाची पहिली अडचण पायाशी असते. सतरंजीवरच्या सभेत चपला बाहेर काढतात. बाकांच्या जुन्या चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी लोक पायताणासकट बसतात. हा फरक पाहुण्याला कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटते की तो सगळ्यांना माहीत आहे. परिणामी देवळाच्या सवयीने तो बाकांच्या चर्चमध्ये अनवाणी शिरतो, मधल्या वाटेवर आल्यावर सगळ्यांच्या पायांत बूट पाहतो आणि परत जायचा धीर न झाल्याने तसाच बसतो. त्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे त्याचे लक्ष वेदीकडे नसून दाराकडे असते. नवे बूट असतील तर पूर्ण सभाभर. पुढच्या वेळी तो शहाणा होतो आणि बूट घालून थेट सतरंजीच्या मध्यावर येतो.

दुसरी अडचण जागेची. पाहुण्याचा बेत शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पंख्याखाली बसून मुकाट निरीक्षण करण्याचा असतो. पण शेवटची रांग ही सर्व धर्मांतल्या जुन्या सभासदांची वडिलोपार्जित मिळकत आहे. तिथले लोक पाहुण्याला जागा देत नाहीत, आदर देतात. "पुढं या, पुढं या, पाहुण्यांना पुढं घ्या" अशा गजरात त्याला हातोहात पुढे सरकवले जाते. शेवटी तो वक्त्याच्या नजरेसमोर आणि स्पीकरच्या खोक्याला टेकून बसतो. इथून जांभई देता येत नाही आणि पळताही येत नाही.

यानंतर निरीक्षणाची दिशा बदलते. पाळकसाहेब माइकवर सांगतात, "आज आपल्यात एक नवीन बंधू आलेले आहेत. त्यांनी उभं राहून आपली ओळख करून द्यावी." लोकांना पाहायला आलेल्या माणसाला सगळे लोक वळून पाहू लागतात. तो नाव, गाव आणि कंपनी सांगतो. टाळ्या होतात. टाळ्या विरतात न विरतात तोच मागून आवाज येतो.

"कोणत्या डिपार्टमेंटला?"

"पॅकिंगला."

"आमच्या भाच्याचं बघा की काहीतरी. आयटीआय झालाय. फिटर."

पाळकसाहेब हा विषय प्रार्थनेने मिटवतात. प्रार्थनेत भाच्याचाही उल्लेख येतो.

गाण्यांची वेळ आली की पाहुण्याची निराशा होते. तो हिंदी सिनेमातले चर्च डोक्यात घेऊन आलेला असतो: उंच खिडक्या, ऑर्गन आणि गुडघे टेकलेली नायिका. समोर असतात पेटी, तबला, टाळ आणि अभंगाची चाल. त्यामागे इतिहास आहे. नगरच्या मिशनमधल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा बाज उचलला आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजने व अभंग रचून मराठी उपासनेला मराठी गळा दिला. टिळक स्वतः आधी जिज्ञासूच होते. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर घरात काय काय घडले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसतरडत सांगितले आहे. पाहुण्याच्या घरी कोणी 'स्मृतिचित्रे' वाचलेले असेल, तर सभेत फुकट मिळालेली पुस्तिका खिशातून काढताना फार जपावे लागते.

गाण्यांनंतर शास्त्रवाचन. वक्ता "हबक्कूक, अध्याय दुसरा" म्हणतो आणि हॉलभर पानांची सळसळ होते. प्रॉटेस्टंट बायबलात पुस्तके ६६, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. नवख्या माणसाने ते कुठेही उघडले तरी बहुधा स्तोत्रसंहिताच निघते, कारण ती मध्यावर आहे आणि तिच्यातली स्तोत्रे १५० आहेत. पाहुणा मागे जातो तर ईयोब, पुढे जातो तर यशया. घाम फुटतो. अनुक्रमणिका पाहणे त्याला कमीपणाचे वाटते. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतली एक आजी त्याच्याकडे न बघता त्याच्या हातून पुस्तक काढून घेते, जिभेला बोट लावते, तीन पाने उलटते आणि हबक्कूकवर बोट ठेवून परत देते. वाचन तोवर संपलेले असते. आजीच्या या सफाईला या भागात परंपरा आहे. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. त्याची छपाई केडगावातच झाली आणि १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तोवर भाषांतराचे काम पुरे होत आले होते. अशा मुलखात पाने उलटण्यात आजीशी बरोबरी करू पाहणे हे धाडसच.

मग संदेश. संदेश म्हणजे प्रवचन. त्याची लांबी वक्त्याच्या विषयावर नसून माइकच्या अवस्थेवर ठरते. माइक बंद पडला तर वक्ता दुरुस्तीचा वेळ धरत नाही आणि चालू राहिला तर कुठलाच वेळ धरत नाही. संदेशात तीन मुद्दे असतात आणि तिसऱ्यानंतर 'शेवटचा मुद्दा' असतो. 'शेवटचा मुद्दा' ऐकताच पाहुणा पाय मोकळे करतो, रुमाल खिशात घालतो, चपलांच्या दिशेने बघतो. अनुभवी श्रोते हलत नाहीत. त्यांना ठाऊक असते की शेवटच्या मुद्द्यानंतर 'थोडक्यात सांगायचं तर' येते आणि त्यानंतर 'जाता जाता'.

लांबलेल्या संदेशाला खुद्द बायबलचा दाखला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसून ऐकत होता. त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्याला मेला म्हणून उचलले; पौलाने खाली येऊन त्याला कवटाळले आणि तो जिवंत असल्याचे सांगितले. मग पौल वर गेला, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुढचे बोलला. या प्रसंगातून वक्ते असा बोध घेतात की सभेत झोपू नये. श्रोते वेगळा बोध घेतात. कारेगावातल्या सभा तळमजल्यावर भरतात, त्यामुळे वक्त्यांना कसलीच काळजी उरत नाही.

गुड फ्रायडेची उपासना हा या कलेचा कळस. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार आणि ठिकठिकाणी त्यांवर सात वक्ते. एकूण १८० मिनिटे. गाणी आणि प्रार्थना वजा जाता प्रत्येकाला वीसेक मिनिटे येतात. हा हिशेब पहिल्या वक्त्याला मान्य नसतो. तो चाळीस मिनिटे घेतो, कारण प्रस्तावनाही त्यालाच करायची असते. दुसरा पहिल्याचा आदर्श ठेवतो. तिसऱ्यापासून चिठ्ठ्या जाऊ लागतात. वक्ता चिठ्ठी वाचतो, घडी करून बायबलात ठेवतो आणि पुढे बोलतो. सातवा उभा राहतो तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटे असतात. "वेळेअभावी मी फार बोलणार नाही," हे वाक्य तो सावकाश, दोनदा बोलतो. 'पाच मिनिटं डोकावून येतो' असे सांगून निघालेल्या पाहुण्याला घरून तोवर चार फोन आलेले असतात आणि पुढच्या रांगेत बसल्यामुळे त्याला एकही उचलता आलेला नसतो.

संदेशाच्या जोडीने साक्ष असते. कोणी तरी उभा राहतो आणि पूर्वी आपण किती वाईट होतो ते सांगतो. पूर्वायुष्याचे वर्णन जितके रंगते तितके नंतरच्या सुधारणेचे रंगत नाही. हा दोष संतचरित्रांतही आढळतो. सगळ्या पापांची यादी श्रोते मान डोलावत ऐकतात. पाहुणा मात्र निरखून बघत राहतो, कारण साक्ष देणारा गेल्या दिवाळीत त्याच्याकडून पाचशे रुपये उसने घेऊन गेलेला असतो. सभेनंतर तो गर्दीतून वाट काढत त्याला गाठतो.

"फार चांगलं बोललात. माणूस बदलतो म्हणायचा."

"सगळी देवाची कृपा."

"मग ते पाचशेचं..."

"त्यासाठीही प्रार्थना चालू आहे."

काही मालिकांत प्रश्नोत्तरांची सोय असते. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या चर्चमध्ये १९७७ मध्ये 'अल्फा' नावाची मालिका सुरू झाली. १९९० पासून निकी गंबेल यांनी ती बाहेरच्यांसाठी वळवून घेतली आणि पुढे ती जगभर गेली. तिची रीत सोपी: आधी सगळ्यांनी मिळून जेवण, मग भाषण, मग गटात गप्पा, आणि कोणीही काहीही विचारावे. आपल्याकडे 'कोणीही काहीही विचारा' म्हटले की तीन प्रकारचे पाहुणे उघडे पडतात. पहिला तुलनाकार. वक्ता काहीही म्हणाला तरी हा शेजाऱ्याला सांगतो, "हे तुकोबांनी आधीच सांगितलंय." दुसरा वादपटू. तो प्रश्न विचारत नाही. भाषण करतो आणि शेवटी 'की नाही?' जोडतो. तिसरा मौनी. त्याला शंका असते, पण ती त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवते.

यांपैकी वादपटूचे घराणे मोठे. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत. ऐकायला गर्दी लोटे आणि त्या वादांचे पुस्तकही निघाले. दोन्हीकडच्या लोकांनी आपलाच पक्ष जिंकल्याचे मानले, म्हणून वाद यशस्वी झाला असे म्हणायला हरकत नाही.

सभा संपते आणि चहा येतो. पाहुण्याच्या दृष्टीने मालिकेतला सर्वांत जोखमीचा भाग हाच. पुणे जिल्ह्याला याचा धडा ऑक्टोबर १८९० मध्ये मिळाला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींच्या खटपटीने शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पुढे गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात वणवा पेटला. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला माणसे नेमली गेली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांकडून बोलणी खाल्ली. म्हणजे चहा घेतला म्हणून एका बाजूने आणि तो घेतल्याचे मनावर घेतले म्हणून दुसऱ्या बाजूने. त्या दिवशीचे व्याख्यान कशावर होते, हे आज सहसा कोणी सांगत नाही. चहाचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकापर्यंत पोचला. महाराष्ट्रातल्या सर्व व्याख्यानमालांचे सार यात आले.

कारेगावात आज चहावरून बहिष्कार पडत नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये एकाच टाकीचा चहा अख्खा देश पितो. तरीही पाहुणा घरी परतला की चौकशी व्हायची ती होतेच. ती चाळीच्या तोंडाशी सुरू होते.

"काय, बदलला का?"

"छे! नुसता ऐकायला गेलो होतो."

"काय देतात तिथं?"

"चहा."

"बास?"

"बिस्किट."

"किती?"

"दोन."

विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याने परदेशी पैसा, नोकरी, निदान एक घोंगडी तरी गृहीत धरलेली असते. दोन बिस्किटांवर कोणी धर्म सोडील हे त्याला पटत नाही आणि दोन बिस्किटांसाठी कोणी तीन तास बसेल हे तर मुळीच नाही. तो दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगतो की आतली गोष्ट वेगळीच दिसते, गडी बोलत नाही.

यजमानांकडेही अशीच एक गैरसमजूत वाढत असते. पाहुणा दुसऱ्यांदा आला की त्याचे मन वळत आहे असे वडीलजनांना वाटते. वास्तविक त्या दिवशी चाळीत वीज गेलेली असते. त्याचे नाव बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत चढते. पत्र्याआड जेवत असताना त्याला अचानक ऐकू येते, "आमच्या पॅकिंगच्या बंधूंच्या गुडघ्याला आराम पडो." गुडघ्याचे दुखणे त्याने चहा पिताना सहज सांगितलेले असते. पंधरा दिवसांत गुडघा दुखायचा थांबतो. पाहुणा त्याचे श्रेय तेलाला देतो, बायको रांजणगावच्या गणपतीला देते, पलीकडच्या खोलीत आभाराचे गाणे होते. गुडघा कोणाचीच बाजू घेत नाही.

बाहेरच्या माणसाला आपले म्हणण्यात हा तालुका कुठवर जातो, याचे टोकाचे उदाहरण शिरूरच्या जुन्या छावणीच्या दफनभूमीत आहे. कर्नल वॉलेस हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये वारला. त्याची कबर लोकांनी 'सतपुरुषा'ची मानली आणि सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी तिथे नव्या धान्याचा नैवेद्य आणू लागले, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या पुणे गॅझेटिअरात आहे. एकाही कीर्तनाला न बसता मिळालेला हा मान पाहता, उपदेशमालेला नेमाने जाणाऱ्या पाहुण्याला दोन बिस्किटे कमीच म्हणायची.

पाहुणा श्रोता उलट दिशेनेही आढळतो. चाळीतला ख्रिस्ती शेजारी भिडेखातर अखंड हरिनाम सप्ताहाला जातो. तो मागे बसू पाहतो. त्याला "पुढं या, पुढं या" करत विणेकऱ्याजवळ आणून बसवतात. बुक्का लावायचा की नाही यावर तो विचार करत असतानाच बुक्का लागलेला असतो. कीर्तनकार बुवा शेवटचा दृष्टान्त म्हणून तीन दृष्टान्त देतात. टाळ कोणत्या मात्रेवर वाजवायचा हे त्याला कळत नाही, तेव्हा शेजारचे आजोबा त्याच्याकडे न बघता मनगट धरून वाजवून घेतात. पंगतीत त्याला कंपनी आणि डिपार्टमेंट विचारले जाते. इथल्या भाच्याचा आयटीआय वेल्डरचा असतो. घरी परतल्यावर त्याची आत्या फोनवर विचारते, "काय रे, बदललास का?" आणि लगेच, "काय देतात तिथं?"

"काल्याचं जेवण. आमटी, भात, बुंदी."

"पोटभर?"

"वाढपी हात आवरत नव्हते."

या एका मुद्द्यावर सप्ताह उपदेशमालेपेक्षा वरचढ असल्याचे दोन्ही बाजूंचे पाहुणे मान्य करतात. पुढच्या मालिकेत चहाऐवजी जेवण ठेवावे, अशी सूचना त्यामुळे वडीलजनांच्या बैठकीत येते आणि तत्त्वतः मंजूर होते. अडते ते क्रमावर. लंडनच्या रीतीने जेवण आधी ठेवले, तर संदेशाला कोण थांबणार, असे खजिनदारांचे म्हणणे. शेवटी ठेवले, तर शेवटच्या मुद्द्यापर्यंत आमटी गरम राहणार नाही, असे पाळकीणबाईंचे. संदेशच आवरता घ्यावा, असा तिसरा पर्याय अजून कोणी मांडलेला नाही.